कुंडीतील कोरडवाहू बाग

जून महिन्याच्या मध्यास शाळा पुन्हा भरतात. त्या पहिल्या दिवशी व्हरांड्यातील कुंड्यांकडे पाहणे बहुतेक शिक्षकांना नकोसे वाटते. प्रजासत्ताक दिनासाठी मुलांनी हौसेने रंगविलेल्या कुंड्या जागच्या जागी असतात. परंतु त्यांतील गुलाब, शेवंती, जास्वंद यांच्या जागी केवळ वाळलेल्या काटक्या उरलेल्या असतात. यात कोणाचा हलगर्जीपणा असतो, असेही नाही. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत माणसांना व जनावरांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शाळेच्या कुंड्यांना पाणी घाला, असे कोणी कोणास सांगावे?

मात्र त्याच व्हरांड्याच्या कडेला, फुटक्या घमेल्यात कोणी तरी कधी काळी लावलेली कोरफड हिरवी राहिलेली दिसते. सुट्टीच्या सहा आठवड्यांत तिला पाण्याचा थेंब मिळालेला नसतो. पाने थोडी आक्रसलेली, कडेने तांबूस झालेली असतात. पण रोप जिवंत असते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा तरारते. हे रोप कशाच्या बळावर तगते, आणि त्याच धर्तीची इतर फुलणारी रोपे घरी, शाळेत वा कार्यालयात कशी वाढवावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पानांचे कमळ

कोरफडीला उभे खोड असे फारसे नसते. तिची जाड, गरदार पाने एका मध्याभोवती चक्राकार निघतात. जवळजवळ अशीच रचना शेताच्या बांधावरील घायपातीची असते. रोपवाटिकांमधून अलीकडे सर्रास दिसणारी एचेव्हेरिया ही वनस्पती तर दगडात कोरलेल्या लहानशा कमळासारखी दिसते. जाड पाने आणि कमळासारखी मांडणी ही या वनस्पतींची समान ओळख होय. वनस्पतिशास्त्रात अशा गरदार वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात.

रूप सारखे असले तरी या सर्वांचे कूळ एक नाही. कोरफड मूळची अरबस्तानच्या द्वीपकल्पातील. पण आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की, ती बाहेरून आली हे कोणास खरेही वाटणार नाही. घायपात अमेरिका खंडातून आली. एचेव्हेरिया प्रामुख्याने मेक्सिकोतील डोंगराळ भागांतील. आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील वनस्पतींची चित्रे काढली; त्याच्या गौरवार्थ १८२८ साली द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीस हे नाव दिले. लहान, पट्टेरी पानांची हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतील आहे. निरनिराळ्या खंडांत, निरनिराळ्या कुळांत जन्मलेल्या या वनस्पतींनी पाणीटंचाईवर मात्र बरेचसे एकच उत्तर शोधले. पाऊस पडेल तेव्हा पाणी पानांत साठवावयाचे आणि पुढे ते काटकसरीने वापरावयाचे, हे ते उत्तर.

रात्री उघडणारी दारे

ही काटकसर कशी साधते, हे समजून घेण्यासारखे आहे. वनस्पतीच्या पानांवर अतिसूक्ष्म पर्णरंध्रे असतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू त्यांतून आत येतो. परंतु दार उघडले की पानातील ओलावाही वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. बहुतेक झाडे ही दारे दिवसा उघडतात आणि त्यामुळे उन्हाच्या वेळी त्यांचे पुष्कळ पाणी उडून जाते. मांसल वनस्पतींपैकी अनेक ही दारे दिवसा बंद ठेवतात आणि हवा थंड झाल्यावर, रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवितात. दिवस उजाडला की दारे बंद करून त्या साठ्यावर, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, अन्न तयार करतात.

या क्रियेची एक जुनी नोंद आपल्याच देशातील आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली लिहिलेल्या पत्रात असे कळविले होते की, पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा नाहीसा होतो. पानफुटी आणि एचेव्हेरिया एकाच कुळातील आहेत. सकाळच्या शाळेत शिक्षकांना हा प्रयोग सहज करून दाखविता येईल. मात्र पान चाखू नये, कारण पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. सूर्योदयानंतर लगेच तोडलेल्या पानाचा रस आणि त्याच रोपाच्या, दुपारी चारच्या सुमारास तोडलेल्या पानाचा रस आम्लता दाखविणाऱ्या रंगीत कागदावर टिपावा. रंगांतील फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.

येथेच एका प्रचलित समजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कोरफडीसारखी रोपे रात्री प्राणवायू सोडतात, म्हणून ती निजण्याच्या खोलीत ठेवावीत, असे सांगितले जाते. हे बरोबर नाही. प्राणवायूची निर्मिती प्रकाशातच होते. रात्री ही रोपे कार्बन डायऑक्साइड आत घेतात एवढेच. आणि दोन-चार कुंड्यांमुळे खोलीतील हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

पाण्याचा अतिरेक हाच खरा शत्रू

या रोपांच्या संगोपनातील सर्वांत मोठी चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली असल्याने ती येथे सांगण्यास हरकत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने महाबळेश्वरहून एचेव्हेरियाची एक सुरेख कुंडी आणून दिली. ती कार्यालयातील खिडकीत ठेवली आणि इतर कुंड्यांप्रमाणे तिलाही रोज सकाळी पाणी घालावे, अशी सूचना शिपाईदादांना दिली. त्यांनी सूचनेचे एक दिवसही न चुकता पालन केले. पंधरा दिवसांनी खालची पाने पिवळसर, पाणी भरल्यासारखी पारदर्शक दिसू लागली. रोप तहानलेले असावे असे समजून आम्ही पाणी वाढविले. महिना संपण्यापूर्वी ते रोप मुळापासून कुजून कुंडीत आडवे झाले. उपेक्षेने ते मेले नसते. ते मेले आमच्या कर्तव्यदक्षतेने. पुढे फायली आवरताना खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेली दोन पाने सापडली. त्यांना माती नव्हती, पाणी नव्हते. तरी त्यांच्या देठाशी गुलाबी मुळे आणि मुगाएवढी कमळे फुटली होती. आज घरी जी रोपे आहेत, ती सर्व त्या दोन पानांची संतती होय.

या अनुभवातून लक्षात ठेवण्याजोगी खूण ही की, तहानलेले पान सुरकुतते व मऊ पडते. अति पाणी झालेले पान फुगते, पिवळे व पारदर्शक होते आणि नुसत्या स्पर्शाने गळते. पहिल्यास पाणी द्यावे. दुसऱ्यास पाणी तात्काळ बंद करावे, रोप मातीबाहेर काढून काळी पडलेली मुळे छाटावीत, आठवडाभर सावलीत सुकू द्यावे आणि नंतर कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे.

माती, कुंडी आणि जागा

पाणी घालताच वाहून जावे आणि माती लवकर कोरडी व्हावी, अशी योजना करणे हे निम्मे यश होय. आपल्या राज्याच्या मोठ्या भागातील काळी माती ओलावा धरून ठेवते, म्हणून ती एकटी वापरू नये. दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचा बारीक चुरा, एक भाग साधी माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले जुने शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, हे मिश्रण चांगले ठरते. मुरूम व विटांच्या चुऱ्यातील पिठासारखी धूळ चाळून टाकावी. अन्यथा तीच साचून निचरा बंद होतो. कोकणात समुद्रकाठची वाळू घेण्याचा मोह होतो. तीत क्षार असल्याने ती वापरू नये.

कुंडी मातीची असावी, कारण तिच्या अंगातून ओलावा झिरपून जातो. तळाशी भोक असलेच पाहिजे. त्यावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. डबा, फुटके घमेले, जुनी कढई यांनाही तळाशी चार-पाच भोके पाडली की काम भागते. रोपाच्या मानाने फार मोठी कुंडी घेऊ नये. मुळे नसलेली माती दीर्घकाळ ओली राहते.

प्रकाशाच्या बाबतीत कोरफड व घायपात उघड्या उन्हात वाढतात. एचेव्हेरियास सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली मानवते. हॉवर्थियास पडवीतील उजेड पुरेसा होतो. प्रकाश कमी पडला की एचेव्हेरियाचे कमळ विस्कटते, पाने दूर दूर जातात आणि रोप उजेडाकडे मान लांब करते. तिच्या पानांवरील पांढुरकी पूड हे रोपाचे नैसर्गिक संरक्षण आहे. ती बोटांनी पुसू नये.

वर्षाचे वेळापत्रक

पाणी किती दिवसांनी द्यावे, या प्रश्नास एकच उत्तर नाही. उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसावी व दोन मिनिटांनी बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटली तर पाणी देऊ नये. कोरडी निघाली तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत एकदा भरपूर द्यावे. पाणी मातीवर द्यावे, कमळाच्या मध्यात ओतू नये.

हिवाळा हा एचेव्हेरियाच्या वाढीचा काळ. या दिवसांत साधारणपणे आठ ते दहा दिवसांनी पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी सायंकाळी द्यावे. मराठवाडा व विदर्भातील कडक उन्हाळ्यात एचेव्हेरियाची वाढ थांबते. तिला भिंतीच्या पूर्वेकडील आडोशाला किंवा झाडाच्या विरळ सावलीत ठेवावे. ही वनस्पती महाबळेश्वर, चिखलदरा यांसारख्या थंड ठिकाणी अधिक सुखाने वाढते, हे लक्षात घेऊन अतिउष्ण भागातील नवशिक्यांनी कोरफड व हॉवर्थियापासून सुरुवात करावी.

खरी कसोटी पावसाळ्यात असते. उन्हाळ्यात तगलेली रोपे जुलैमध्ये कुजतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर एचेव्हेरिया व हॉवर्थियाच्या कुंड्या पडवीत, पावसाची झड लागणार नाही अशा ठिकाणी घ्याव्यात. वळचणीला मुळीच ठेवू नयेत. पागोळ्यांचे पाणी नेमके तेथेच पडते. झडीच्या दिवसांत महिनाभर पाणी दिले नाही तरी चालते. कोरफड जमिनीत लावावयाची असल्यास उंच वरंब्यावर किंवा बांधावर लावावी.

एका रोपाची अनेक रोपे

या वनस्पतींचे खरे वैशिष्ट्य असे की, एकदा एक रोप मिळाले की पुन्हा विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही. पद्धत मात्र रोपागणिक वेगळी आहे.

कोरफडीच्या बुंध्याशी केळीच्या मुनव्यांप्रमाणे पिले फुटतात. पिलाला स्वतःची चार-पाच पाने आली की ते मुळांसह अलगद वेगळे करावे, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी व मग लावावे. लावल्यानंतर पाच-सहा दिवस पाणी देऊ नये. कोरफडीचे तोडलेले पान मातीत खोचून रोप तयार होईल, या समजुतीने पुष्कळजण प्रयत्न करतात. ते पान कुजते, कारण त्यातून नवा अंकुर फुटत नाही. हॉवर्थियाची वाढही पिलांपासूनच करणे सोपे.

एचेव्हेरियाची वाढ पानापासून होते. खालचे निरोगी पान बोटांत धरून हळूच आडवे हलवावे, म्हणजे ते देठाच्या तळासह सुटते. तळ तुटलेल्या पानातून रोप येत नाही. अशी पाने चार-पाच दिवस सावलीत पसरून ठेवावीत. तुटलेला भाग सुकून त्यावर खपली धरते. नंतर ती कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवावीत, पुरू नयेत. तीन-चार आठवड्यांत मुळे दिसू लागतात आणि त्यानंतर लहान कमळ उमटते. मुळे आल्यावर दोन-तीन दिवसांआड पाण्याचा हलका शिडकावा करावा. नवे रोप मूळच्या पानातील साठ्यावर वाढते, म्हणून ते पान आपोआप वाळेपर्यंत तोडू नये. सर्वच पाने रुजतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. म्हणून एका वेळी दहा-बारा पाने लावावीत. या कामास पावसाळा ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मान लांबलेल्या एचेव्हेरियाचा उपयोगही असाच करता येतो. कमळाखाली बोटाच्या एका पेराएवढा दांडा ठेवून स्वच्छ सुरीने शेंडा कापावा, आठवडाभर सुकवून लावावा. खाली उरलेला बुंधा टाकू नये. त्यावर अनेकदा तीन-चार नवी कमळे फुटतात.

फुले केव्हा येतात

पुरेसे ऊन, थंड रात्री आणि रोपाचे पुरेसे वय या तीन गोष्टी जुळल्या की ही रोपे फुलतात. एचेव्हेरियास हिवाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या बगलेतून नाजूक, वळलेला दांडा येतो आणि त्यावर केशरी, गुलाबी वा पिवळ्या रंगांची घंटेसारखी फुले लागतात. कोरफडीच्या उंच दांड्यावर पिवळसर-केशरी नळीदार फुले येतात. त्यांतील मधासाठी शिंजीर पक्षी येतात, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पक्षिनिरीक्षणाची सोय घरबसल्या होते.

येथे एक भेद जाणून घ्यावा. एचेव्हेरिया व कोरफड यांचा फुलोरा बाजूने येतो. वाढीचा शेंडा शाबूत राहतो, म्हणून रोप वर्षानुवर्षे फुलते. घायपातीचा फुलोरा थेट मध्यातून येतो. त्यासाठी ती कित्येक वर्षांचा साठा एकाच वेळी खर्च करते आणि फुलून झाल्यावर मरते. युरोपातील डोंगरांवर वाढणाऱ्या सेम्परव्हायव्हमचेही असेच आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘सदैव जिवंत’ असा आहे, तरी त्याचे फुललेले प्रत्येक कमळ मरते. मागे राहतात ती भोवतालची पिले. तेव्हा बांधावरची घायपात फुलून वाळली, तर तिला रोग लागला असे समजू नये.

कीड, रोग आणि सावधगिरी

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत व आठवड्याने पुन्हा तपासावे. रोप ऊन-पाणी असूनही खुंटले, तर कुंडीतून काढून मुळांवरही हीच कीड आहे काय ते पाहावे. पावसाळ्यात गोगलगाई रात्री पाने खातात. त्या हाताने वेचणे हाच सोपा उपाय. वाळलेली खालची पाने वेळोवेळी काढून टाकावीत.

घरगुती औषध म्हणून कोरफडीचा वापर होत असल्याने तिच्यावर कीटकनाशक फवारू नये. तिच्या सालीलगतचा पिवळा, कडू चीक तीव्र रेचक असतो. गरोदर स्त्रियांनी व मुलांनी तो पोटात घेऊ नये, आणि कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. घायपात ही कोरफड नव्हे, हेही मुलांना दाखवून द्यावे. अनेक घायपातींचा रस अंगाला लागल्यास त्वचेची आग होते, आणि पानाच्या टोकाचा काटा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. म्हणून तिला शाळेच्या वाटेवर नव्हे, दूरच्या बांधावरच जागा द्यावी.

रानातील रोपांना हात नको

या रोपांची हौस वाढली तसा एक धोकाही वाढला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कड्यांवर डडलेया नावाची अशीच कमळाकार वनस्पती वाढते. तिची हजारो रोपे कड्यांवरून उपटून परदेशी विकली जाऊ लागल्याने तेथील राज्याला २०२१ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडेही जपण्याजोगे धन आहे. शिवनेरीसह सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही मांसल वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः आढळत नाही. तिची रचना कमळाकार नाही. परंतु तिच्या फांदीच्या तुकड्यापासून रोप तयार करता येते. म्हणजेच कड्यावरचे रोप उपटण्याचे काहीच कारण उरत नाही. जे रोप एका पानापासून वा फांदीपासून वाढते, ते रानातून आणणे हा अविचारच होय.

एका पानाची देवघेव

झाडे लावणे किंवा शाळेची परसबाग फुलविणे, यांस ही रोपे पर्याय नाहीत. त्यांच्यामुळे सावली मिळत नाही, फळ मिळत नाही. परंतु जेथे उन्हाळ्यात एक घागरही जास्त मागणे जड जाते, तेथे थोड्या पाण्यावर हिरवे राहणारे आणि फुलणारे काही तरी मुलांच्या डोळ्यांसमोर असणे, हेही लहान काम नव्हे. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यास एक पान किंवा एक पिलू द्यावे. जानेवारीपर्यंत कोणाचे रुजले, कोणाचे कुजले आणि का, याची नोंद त्याच्याच वहीत राहील. ग्रामपंचायत कार्यालयाने व शेजारच्या शाळांनी आपापल्या जातींची देवघेव केली, तर यास तरतुदीचीही आवश्यकता नाही. उन्हाळी सुट्टी लागण्याच्या दिवशी कुंड्यांना एकदा भरपूर पाणी द्यावे, त्या उत्तरेकडील सावलीत एकत्र ठेवाव्यात आणि निर्धास्तपणे घरी जावे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा त्या व्हरांड्यात मुलांची वाट पाहत असतील.